पुरणाशेजारी ठेचा

सणाचं ताट म्हटलं की आपण पुरणपोळीबद्दल बोलतो. कुणाची पोळी मऊ, कुणाचं पुरण सैल, कुणी गुळात हात आखडता घेतला, यावर दोन दिवस चर्चा चालते. ताटाच्या डाव्या बाजूला, मीठ-लिंबाच्या खाली, नखभर ठेचा वाढलेला असतो. त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पण तो वाढायचा राहिला, तर दुसऱ्या घासालाच स्वयंपाकघराकडे हाक जाते. देऊळघाट आणि आसपासच्या गावांत पोळ्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या कुठल्याही मोठ्या सणाचं ताट घ्या, मिरची त्यात कुठल्या ना कुठल्या रूपात सापडतेच. ताटातल्या त्या नखभर जागेवर हे पुस्तक लिहिलं आहे.

देऊळघाट हे बुलढाणा तालुक्यातलं, पैनगंगेच्या काठचं जुनं गाव. जिल्ह्यात कुणी कुणाला ‘कुठले?’ म्हणून विचारलं की पहिलं उत्तर गावाचं नसतं, ‘घाटावरचे’ की ‘घाटाखालचे’ हे असतं. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. देऊळघाट घाटावरचं. इथून पश्चिमेला धाडच्या बाजूला निघालं आणि पुढे जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात शिरलं की मिरचीचा मुलूख लागतो. पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार त्यातला सगळ्यांत नावाजलेला. एप्रिल-मे महिन्यांत ठिबकवर लावलेली मिरची जून-जुलैत तोडायला येते आणि संध्याकाळी पोत्यांच्या थप्प्या ट्रकमध्ये चढतात, त्या थेट परराज्यांत उतरायला. बळीराम, पिकाडोर, तेजा अशी तिथली वाणांची नावं. ठेच्याच्या चवीचा निम्मा निकाल इथे शेतातच लागलेला असतो. जाड सालीची, पाणीदार मिरची भज्यांना चांगली. ठेच्याला सडपातळ, पातळ सालीची, देठाकडे गर्द हिरवी मिरची लागते. ती तव्यावर टाकली की पाणी सोडत बसत नाही, लगेच भाजते.

गोडाशेजारी तिखट का ठेवायचं, याचं उत्तर आपल्या आज्यांनी ‘तोंडाला चव येते’ एवढंच दिलं. उत्तर बरोबर होतं. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यात आहे त्याला कॅप्सेसिन म्हणतात. ते बियांत असतं असा सार्वत्रिक समज आहे, प्रत्यक्षात बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या पडद्यात ते तयार होतं. बियांना फक्त लागतं. तिखट ही जिभेच्या दृष्टीने चवच नव्हे. उष्णता जाणवून देणाऱ्या मज्जातंतूंवरचा जो ग्राहक भाजल्यावर जागा होतो, तोच कॅप्सेसिनने जागा होतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये तो शोधून काढला आणि २०२१ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे ठेचा खाऊन ‘भाजलं’ असं आपण म्हणतो तेव्हा शरीर खरोखर तेच समजत असतं. दुसरी गोष्ट अशी, की कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. तांब्याभर पाणी प्यालं तरी जाळ हटत नाही. तूप, दूध, दही यांनी तो उतरतो, साखर-गुळानेही जाणीव बोथट होते. आता पोळ्याचं ताट डोळ्यांसमोर आणा. पोळीवर तुपाची धार, बाजूला वाटीत दूध, पुरणात गूळ, आणि डावीकडे ठेचा. पहिल्या दोन घासांनंतर गोडाने जीभ बधिर होते, ठेचा तिला जागं करतो, तूप-दूध ठेच्याला आवरतं, आणि तिसरी पोळी खायची तयारी होते. ज्यांनी हे ताट बसवलं त्यांना रसायनशास्त्र ठाऊक असायचं कारण नव्हतं. शेकडो सणांच्या पंगती वाढून त्यांनी ते जमवलं.

हे सगळं किती अलीकडचं आहे, याचं मला राहून राहून नवल वाटतं. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी मेहकर-लोणारच्या मुलखात हिंडले, तेव्हा इथल्या कुठल्याही घरात मिरची नव्हती. तिखटासाठी मिरं, पिंपळी आणि आलं. मिरची मूळची अमेरिका खंडातली. १५१० मध्ये गोवा घेतलेल्या पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागली. सिंदखेडराजाला १५९८ मध्ये जिजाऊंचा जन्म झाला, तेव्हा मिरची हे देशात नवंच पीक होतं. मिऱ्याला मलबारचा पाऊस लागतो, ते विकत घ्यावं लागतं, ते श्रीमंतांचं तिखट. मिरची मात्र कुणाच्याही परसात, सांडपाण्याच्या वाफ्यावर येते. कोरडवाहू मुलखातल्या गरीब माणसाला तिने पहिल्यांदा फुकटात तिखट दिलं. भाकरीबरोबर कालवण नसलं तरी मिरची-मीठ असलं की जेवण व्हायला लागलं. ठेचा जन्मला तो या तुटवड्यातून. पुढे तोच सणाच्या ताटात जाऊन बसला आणि तिथून उठला नाही, हे मला त्याच्या इतिहासातलं सगळ्यांत मोठं पाऊल वाटतं.

याच जिल्ह्यात त्याची साक्ष आहे. शेगावला २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज प्रकट झाले असं भक्त मानतात. त्यांच्या प्रकट दिनाला घरोघर जो नैवेद्य होतो त्यात पिठलं, ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, कांदा आणि हिरवी मिरची असते. शेतकऱ्याच्या न्याहारीचं ताट जसंच्या तसं देवापुढे ठेवलं जातं. ज्या देवापुढे मिरची चालते, त्याच्या मुलखात ठेच्याला सणात जागा मिळवायला भांडावं लागलं नाही.

पण प्रत्येक सणाचा ठेचा वेगळा, आणि या पुस्तकाची मांडणी त्या क्रमानेच केली आहे. श्रावण अमावस्येला, पोळ्याच्या दिवशी, हिरवी मिरची ऐन भरात असते. तो हिरव्या ठेच्याचा सण. भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरण असा मोठा घाट असतो आणि नैवेद्यात लसूण चालत नाही. तेव्हा जिरं, कोथिंबीर, लिंबू यांवर ठेचा उभा करावा लागतो. लसणाशिवायचा ठेचा जमणं ही खरी परीक्षा आहे. तिथे मिरचीच्या ताजेपणाला लपायला जागा नसते. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगी सोडणारी घरं अजून आहेत. ती मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीची वाट बघतात. खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवला की लसूण पुन्हा घरात येतो, आणि त्या दिवशीच्या ठेच्यात तो जरा जास्तच पडतो. तोवर झाडावरची मिरची पिकून लाल झालेली असते, म्हणून इथून पुढे संक्रांतीपर्यंत लाल ठेच्याचे दिवस. थंडीत कळण्याची भाकरी, भरीत आणि लाल ठेचा असा बेत एखाद्या शेतात जमला, तर तोही सणच. चैत्र-वैशाखात वाळल्या मिरच्या कुटून वर्षाचं तिखट भरलं जातं. त्या दिवसांत ताज्या मिरचीऐवजी भुरका येतो: तेल कडकडीत तापवून त्यात लसूण, शेंगदाण्याचं जाडसर कूट, तीळ आणि शेवटी, तवा खाली उतरवल्यावर, लाल तिखट. तवा आचेवर असताना तिखट घातलं तर ते जळतं आणि अख्खं घर खोकत अंगणात येतं. देऊळघाटात मुस्लिम वस्तीही मोठी आहे. ईदच्या सकाळी शीरखुर्मा झाला की दुपारच्या जेवणात तिखट चटणी हवीच असते. पुदिना, कोथिंबीर आणि हिरवी मिरची पाट्यावर वाटण्याचा आवाज त्या दिवशी गल्लीभर ऐकू येतो. तीही या पुस्तकात आहे, कारण मिरची एकाच बाजारातून दोन्हीकडे जाते.

हिरवा ठेचा करताना नीट पाहिलं तर त्यात चार-पाच निर्णय असतात आणि ते सगळे दहा मिनिटांत घ्यावे लागतात. ज्या काकूंच्या स्वयंपाकघरात मी हे पाहिलं त्यांनी मिरच्या धुऊन पंचावर पसरल्या आणि पूर्ण कोरड्या होईपर्यंत हात लावला नाही. “पानी लागू देऊ नोका,” एवढंच म्हणाल्या. मग लोखंडी तवा, त्यावर थोडं तेल, देठ मोडून आख्ख्या मिरच्या. आच मोठी नाही. मिरचीच्या सालीवर पांढुरके फोड येतात, ते तपकिरी व्हायला लागले की ती बाजूला सरकवायची, काळी होऊ द्यायची नाही. त्याच तेलात लसूण, सालासकट. शेंगदाणे आधी भाजून सोललेले. जिरं शेवटी, कारण ते लगेच जळतं. खडेमीठ तव्यावरच टाकलं आणि त्याच तव्यात, पितळी तांब्याच्या बुडाने, त्यांनी सगळं रगडायला घेतलं. खडेमिठाचे खडे इथे नुसते चवीला नसतात. त्यांच्या धारेने साल फाटते. शेवटी हाताने तोडलेली कोथिंबीर. मिक्सरचा विषय मी काढला तेव्हा त्यांनी तांब्या थांबवला नाही. “मिक्सरमंदी फिरवला की त्याची चटनी होते, ठेचा नाई होत. मिरची फाटली पायजे, वाटली नाई पायजे.”

त्यांचं म्हणणं तपासून पाहता येतं. कच्चा लसूण चिरडला की त्यातली दोन द्रव्यं एकत्र येऊन ॲलिसिन तयार होतं, तोच त्याचा झणका. आधी भाजलेल्या लसणात ही क्रिया मंदावते आणि त्याचा गोडवा पुढे येतो. म्हणून भाजून ठेचलेला लसूण आणि कच्चा वाटलेला लसूण हे दोन वेगळे पदार्थ ठरतात. मिक्सरचं पातं मिरचीच्या सगळ्या पेशी एकाच वेळी फोडतं. पाणी सुटतं, हवा मिसळते, रंग फिकट होतो आणि प्रत्येक घास सारखाच तिखट लागतो. ठेचलेल्यात एका घासात साल येते, दुसऱ्यात दाण्याचा तुकडा, तिसऱ्यात मिठाचा न विरघळलेला कण. भाकरी त्याच्याबरोबर कंटाळवाणी होत नाही ती यामुळे.

लाल ठेच्याची गोष्ट निराळी आहे, आणि मला ती जास्त जवळची आहे, कारण त्यात वेळ हाही एक जिन्नस असतो. झाडावर पिकलेल्या ओल्या लाल मिरच्या पुसून, देठ काढून दिवसभर सावलीत ठेवायच्या. किलोभर मिरचीला शंभर ते सव्वाशे ग्रॅम खडेमीठ, लसूण, थोडं जिरं किंवा मेथी, आणि मग उखळात किंवा दगडी खलात ठेचणं. हा भरड ठेचा चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायचा, वर लिंबाचा रस, तोंडाला कापड. तीन-चार दिवसांत तो फुगतो, बारीक बुडबुडे दिसतात, आंबूस वास येतो. मिठाला न घाबरणारे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू कामाला लागलेले असतात. ते मिरचीतली साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि त्या आम्लानेच ठेचा टिकतो. मराठवाड्यात आणि कर्नाटकाच्या सीमेवर याला रंजका म्हणतात. रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्याने हलवायचा; ज्या घरात हे काम मुलांकडे असतं, तिथली मुलं वास घेऊनच सांगतात की आज झाला.

जगभर हीच युक्ती निरनिराळ्या लोकांना सुचली आहे. अमेरिकेत लुइझियानातल्या एव्हरी आयलंडवर एडमंड मॅकिल्हेनी यांनी १८६८ मध्ये टबॅस्को सॉस विकायला सुरुवात केली. लाल मिरची, मीठ आणि शिरका एवढेच त्याचे जिन्नस. आजही ती मिरची ठेचून, मीठ घालून ओकच्या पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरवतात. ट्युनिशियाची हरिसा ही वाळल्या मिरच्या, लसूण, मीठ आणि तेल यांची. बायका एकत्र बसून ती करतात, आणि २०२२ मध्ये युनेस्कोने त्या परंपरेला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. कोरियात सोयाबीन आणि तांदळाबरोबर मिरची महिनोन्‌महिने मुरवून गोचुजांग होतं. या सगळ्यांच्या रांगेत आपला लाल ठेचा ठेवला तर तो कुठेही उणा पडत नाही. फरक आहे तो प्रमाणाचा. टबॅस्को कारखान्यात गेला आणि प्रत्येक बाटलीत एकाच चवीचा झाला. आपला ठेचा अजून बरणीत आहे, आणि दर बरणीला त्याची चव थोडी बदलते.

तो बरणीतच राहावा असं माझं स्पष्ट मत आहे. ते मत फक्त चवीपुरतं नाही. एका खलात एका वेळी जेवढी मिरची ठेचून होते, तेवढीच एका माणसाच्या नजरेखाली राहू शकते. ती किती पिकली आहे, साल किती जाड आहे, आज हवेत दमटपणा किती आहे, हे पाहून तो हात ठरलेल्या मापाच्या आत मीठ कमी-जास्त करतो. शंभर किलोच्या पिंपात हा निर्णय घेणारा हातच उरत नाही. मग त्याची जागा संरक्षक द्रव्यं, घट्ट करणारी पूड आणि रंग घेतात. सणाच्या आधी आठ-दहा दिवस थोडाच ठेचा करायचा, ओळखीच्या आणि मागणी नोंदवलेल्या घरांना तो द्यायचा आणि संपला की संपला म्हणून सांगायचं, ही पद्धत जुन्या गावकीची वाटते. या पदार्थाला मात्र तीच मानवते.

आणि त्यात पैसाही आहे, योग्य हातात जाणारा. मिरचीच्या बाजारात दर पडला की तोडणीची मजुरीही सुटत नाही. शेतकरी मग तोडा सोडून देतो आणि मिरची झाडावरच लाल होते. वाळवून विकायची तर ऊन, जागा आणि पाखडणी हवी. याच लाल ओल्या मिरचीची ठेच्याला गरज असते. गावातल्या बचत गटाने ती बांधावरून वाजवी दराने घेतली तर दोन्ही घरांत सणाचा पैसा येतो. माविम म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आणि ‘उमेद’ अभियान २०११ पासून अशा गटांबरोबर काम करतं. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, अनुदान ठेवलं होतं आणि बचत गटाच्या सदस्याला खेळत्या भांडवलासाठी ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची सोय होती. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात वऱ्हाडातल्या बायकांच्या स्टॉलवर ठेचा विकला जातो तो याच वाटेने. किंमत ठरवताना मात्र एक खर्च नेहमी विसरला जातो: ठेचणाऱ्या हातांचा. मिरची कुटून संध्याकाळी हातांची जी आग होते ती साबण-पाण्याने जात नाही. आधी तेल चोळावं लागतं, मग साबण. रात्री तान्ह्या मुलाला जवळ घेता येत नाही. ज्या बरणीच्या किमतीत या हातांची दिवसभराची मजुरी धरलेली नाही, ती स्वस्त बरणी घेऊ नये.

विकायला करणाऱ्यांसाठी एक सूचना मी इथे मुद्दाम ठळकपणे लिहितो. लसूण जमिनीतून येतो आणि त्याच्याबरोबर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू येऊ शकतात. तेलात बुडालेल्या, हवा न लागणाऱ्या, आंबटपणा नसलेल्या लसणात ते वाढतात आणि त्यांचं विष जिवावर बेतू शकतं. त्याला वास नाही, चव नाही. तव्यावरचा हिरवा ठेचा त्यामुळे ताजाच खायचा, फार तर फ्रिजमध्ये चार-पाच दिवस. तो तेलात बुडवून बाटलीत भरून महिनाभर फडताळात ठेवण्याची नवी पद्धत धोक्याची आहे. टिकवायचा असेल तर लाल ठेचा करावा, मीठ पूर्ण घालावं, लिंबात कंजुषी करू नये आणि आम्लता मोजणाऱ्या कागदी पट्टीवर सामू ४.६ च्या खाली आहे याची खात्री प्रत्येक बरणीला करावी. ४ च्या आसपास असला तर उत्तम. शेंगदाणे घातलेला ठेचा तसाही लवकर खवट होतो, आणि दाण्यांची ॲलर्जी असणारे लोक असतात, म्हणून लेबलवर शेंगदाणे ठळक लिहावेत. जिन्नस, निव्वळ वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावा, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक, एवढं लेबल घरगुती बरणीवरही हवं. आईच्या हातची चव म्हणून विकणाऱ्याने आईइतकीच काळजी घ्यायला हवी.

पुढच्या पानांतल्या कृती घाटावरच्या घरांतून जमवल्या आहेत. काही घाटाखालच्या सासुरवाशिणींनी माहेराहून आणलेल्या आहेत. ठेच्याबरोबर काय खावं हेही प्रत्येक सणाखाली दिलं आहे, कारण नुसत्या ठेच्याची कृती अर्धीच असते. पोळ्याचा ठेचा पुरणाशेजारी चांगला लागतो, तोच भरिताशेजारी फिका पडतो. मीठ, लिंबू, लसूण यांची मापं तोलून ग्रॅममध्ये दिली आहेत, विशेषतः लाल ठेच्याची; ती कमी करू नयेत. हिरव्या ठेच्यातली मिरची मात्र मुठीतच मोजली आहे. ज्वाला मिरचीची मूठ आणि लवंगी मिरचीची मूठ सारखी नसते, श्रावणातली मिरची आणि मार्गशीर्षातली मिरचीही सारखी नसते. बाजारातून आणलेल्या मिरचीपैकी एक मधोमध मोडावी, आतल्या पांढऱ्या पडद्याला जिभेचं टोक लावावं आणि मग किती मुठी घ्यायच्या ते ठरवावं. पहिला प्रयोग करणाऱ्यांनी महालक्ष्म्यांच्या बिनलसणाच्या ठेच्यापासून सुरुवात करू नये. पोळ्याचा आधी करून पाहावा.